पंगत आणि फिरतें तबक

कलकत्त्याहून परत येतांना आगगाडींत आमच्या एका विद्वान् मित्रांनीं आम्हांस एक सिद्धान्त ऐकविला. एकाच भांड्यांतून चारचौघांनीं जेवणें ही अडाणी चाल होय. ज्याचें पान त्याच्यापुढें मांडणारी आमची पंगत हीच काय ती शुचितेला, व्यक्तिस्वातंत्र्याला व परंपरेला धरून असलेली रीति होय, असा तो सिद्धान्त. प्रवासांत वाद वाढवूं नये म्हणून आम्ही गप्प राहिलों. परंतु तेव्हांपासून हाच सिद्धान्त त्यांनीं आमच्यादेखत दोन बैठकींत मांडला, आणि दोन्ही वेळां श्रोत्यांनीं माना डोलविल्या. माना डोलविणाऱ्यांत आमचे कांहीं विद्यार्थीहि होते. मौन हें संमतीचें लक्षण मानतात, आणि ही संमति आम्हांस द्यावयाची नाहीं. म्हणून हा लेख.

ज्या जेवणामुळें हा सिद्धान्त जन्मला त्याची हकीकत प्रथम सांगितली पाहिजे. एका परिषदेच्या निमित्तानें आम्ही आठ अध्यापक कलकत्त्यास गेलों होतों. सहा पुरुष व दोन स्त्रिया. अखेरच्या दिवशीं दुपार मोकळी मिळाली, तेव्हां शहराच्या पूर्वेस असलेल्या टांगरा भागांत जाऊन चिनी जेवण जेवावें असें ठरलें. टांगरा हें नांव आमच्याकडे फारसें कोणास ठाऊक नसलें, तरी तेथल्या लोकांचें नांव महाराष्ट्रांतल्या शाळकरी पोरांच्याहि तोंडीं आहे. हातगाडीवर, चौकांतल्या टपरीवर, लग्नाच्या मांडवांतहि हल्लीं ज्या 'हाक्का नूडल्स' मिळतात, त्यांतले हाक्का ते हेच. आपण ज्यास एका शब्दांत 'चायनीज' म्हणून मोकळे होतों, त्यांत कँटन, सेचवान, हूनान, शांघाय असे प्रांतोप्रांतींचे स्वयंपाक आहेत. मालवणी आणि वऱ्हाडी जेवणांत जितकें अंतर, तितकें तरी अंतर त्यांच्यांत आहे. हाक्का ही त्यांतलीच एक शाखा. कलकत्त्यास आलेले बहुतेक हाक्का दक्षिण चीनमधील ग्वांगडोंग प्रांताच्या डोंगराळ मेइश्यान भागांतले. त्यांच्या नांवाचा अर्थच मुळीं 'पाहुण्यांचीं कुटुंबें' असा आहे. उत्तरेकडून सरकत सरकत दक्षिणेंत आलेल्या या लोकांस तेंच नांव चिकटलें.

हे पाहुणे कलकत्त्यास आले तेहि आजकालचे नव्हेत. अठराव्या शतकाच्या अखेरीस, वॉरन हेस्टिंग्जच्या अमदानींत, आच्छू नांवाच्या एका चिनी माणसानें हुगळीकांठीं बजबज गांवाजवळ साखरेचा कारखाना काढला. त्याच्या नांवावरून त्या जागेस आचिपूर म्हणतात. मागाहून जे आले त्यांनीं धंदे वांटून घेतले. कँटनचे लोक सुतारकामांत शिरले, हूबेइ प्रांतांतले दांतांचे वैद्य झाले, आणि हाक्कांच्या वांट्यास चामडें आलें. वांट्यास आलें असें म्हणण्याचें कारण असें कीं, त्या धंद्यांत शिरावयास उच्चवर्णीय हिंदूंस धर्म आडवा येत होता, आणि जे पिढ्यान् पिढ्या तेंच काम करीत होते त्यांच्या गांठीं भांडवल नव्हतें. पाहुण्यांस मात्र हा विटाळ ठाऊक नव्हता. विसाव्या शतकांत टांगरा येथें हाक्कांच्या शेकडों टॅनऱ्या उभ्या राहिल्या. १९६२ सालीं चीनशीं युद्ध झालें तेव्हां भारतांतल्या सुमारें ३,००० चिनी वंशाच्या माणसांस, मुलाबाळांसकट, राजस्थानांतील देवली येथील छावणींत डांबण्यांत आलें. कित्येक तेथें वर्षानुवर्षें होते. १९९६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें प्रदूषणाच्या कारणावरून कलकत्त्याच्या टॅनऱ्या शहराबाहेर हलविण्याचा हुकूम दिला. अनेक कुटुंबें कॅनडाकडे निघून गेलीं. जीं राहिलीं त्यांतल्या कित्येकांचा चरितार्थ आतां खानावळींवर चालतो.

अशाच एका खानावळींत आम्ही दुपारीं एक वाजतां जाऊन बसलों. टेबल वाटोळें होतें, आणि त्याच्या मधोमध कांचेचें एक फिरतें तबक होतें. मालकीणबाई साठीच्या घरांतल्या. हिंदी चांगलें बोलत. त्यांनीं सुचविलें कीं, आठ माणसांस सहा पदार्थ पुरेत, ते मध्यें ठेवतें, भात वेगळा देतें. आमच्या मित्रांस तें मानवलें नाहीं. ज्यानें त्यानें आपापलें मागवावें, आणि पैसेहि ज्याचे त्यानें द्यावे, असा त्यांनीं आग्रह धरला. झालें! आठ माणसांच्या आठ याद्या झाल्या. तिघांनीं एकाच प्रकारच्या नूडल्स मागविल्या, दोघांनीं मिरचीचें चिकन मागविलें, एकानें नुसतेंच सूप मागविलें आणि मग दुसऱ्यांच्या बशांकडे पाहत बसले. आमच्या एका तरुण सहाध्यापकांनीं तेवढें मालकीणबाईंस विचारलें कीं, तुम्ही घरीं काय जेवतां? त्या प्रश्नानें बाई खुलल्या. त्यांनीं घरचे दोन पदार्थ करून देण्याचें कबूल केलें: एक, पोटांत सारण भरून तळलेला टोफू, आणि दुसरा, खारवून वाळविलेल्या मोहरीच्या पाल्यावर तासन् तास शिजविलेलें डुकराचें मांस. हे दोन्ही पदार्थ हाक्कांचे खास. आमच्या हातगाडीवाल्यांस त्यांची वार्ताहि नाहीं.

बाईंनीं आमच्या आठ याद्यांचा मान राखला नाहीं. सगळीं भांडीं त्यांनीं तबकावर मांडलीं, प्रत्येकांत वाढावयाचा एकेक मोठा चमचा ठेवला, आणि त्या निघून गेल्या. तबक फिरलें. टोफूचें भांडें त्या तरुण सहाध्यापकांपुढें थांबलें. त्यांनीं एक तुकडा आपल्या बशींत घेतला, चमचा परत भांड्यांत ठेवला, आणि तबक पुढें सारलें. त्यांच्या पलीकडे आमचे विद्वान् मित्र बसले होते. त्यांनीं तें भांडें तसेंच पुढें जाऊं दिलें, पोऱ्यास हांक मारली, आणि टोफूची दुसरी बशी स्वतःपुरती मागविली. हल्लीं जिकडेतिकडे पडसें फार आहे, असें कारण त्यांनीं हसत सांगितलें. नूडल्सच्या भांड्यांतून मात्र त्यांनीं, आमच्या मागाहून, निःशंकपणें घेतलें. त्या क्षणानंतर तरुण सहाध्यापकांनीं कोणत्याहि भांड्यास आधीं हात लावला नाहीं. सगळ्यांचें घेऊन होईपर्यंत ते थांबत, मग उरलेल्यांतलें थोडें घेत, आणि तेंहि असें, कीं चमचा आपल्या बशीस लागूं नये.

हें आम्हीं पाहिलें, पण त्याचा अर्थ आम्हांस जेवणानंतर मोठ्या रस्त्याकडे चालत जातांना कळला. आम्हीं त्यांस सहज विचारलें कीं, तुम्ही एवढे मागें कां राहत होतां? ते म्हणाले, "सर, मी आधीं घेतलें कीं भांडें अडतें. मागाहून घेतलें म्हणजे सगळ्यांचें जेवण होतें." ते मराठवाड्यांतल्या एका खेड्यांतले. शाळेंत असतांना गुरुजींच्या घरीं त्यांच्याकरितां एक कप गोठ्याच्या कोनाड्यांत वेगळा ठेवलेला असे. चहा झाल्यावर तो त्यांनींच विसळून परत कोनाड्यांत ठेवावयाचा. गुरुजी मायाळू होते, त्यांनींच पुढें कॉलेजांत जाण्यास उत्तेजन दिलें, असेंहि त्यांनीं सांगितलें. बोलण्यांत कडवटपणा नव्हता. एखादा माणूस पावसांत छत्री कशी धरावी तें सांगतो, तसें ते सांगत होते.

आमच्या मित्रांच्या मनांत त्या क्षणीं काय होतें हें आम्हांस ठाऊक नाहीं, आणि तें ठरविण्याची आमची इच्छाहि नाहीं. ते सज्जन आहेत. याच सहाध्यापकांच्या नेमणुकीस त्यांनीं मनापासून पाठिंबा दिला होता. आमचा वाद त्यांच्या मनाशीं नसून त्यांच्या सिद्धान्ताशीं आहे. कारण मनांतली गोष्ट मनांत राहते, पण सिद्धान्त माना डोलवावयास लावतो.

सिद्धान्ताचा पहिला आधार शुचितेचा. तोंडांत गेलेला चमचा किंवा काडी पुन्हां सर्वांच्या भांड्यांत घालणें वाईट, हें आम्हांस संपूर्ण मान्य आहे. गंमत अशी कीं, हें चिनी लोकांस आमच्या मित्रांच्या पुष्कळ आधीं सुचलें आहे. पेनांग येथें १८७९ सालीं जन्मलेले व केंब्रिज येथें शिकलेले डॉ. वू लिएन-तेह यांचें नांव वैद्यकाच्या इतिहासांत प्रसिद्ध आहे. १९१०-११ सालीं मांचुरियांत फुप्फुसाच्या प्लेगनें सुमारें ६०,००० माणसें मेलीं. ती साथ आटोक्यांत आणण्याचें श्रेय मुख्यतः या गृहस्थांचें. ज्या मांचुरियाचें नांव आमच्या हातगाडींवर कोबीच्या भज्यांस मिळालें आहे, तोच हा मुलूख. याच डॉक्टरांनीं पुढें चिनी जेवणाच्या रीतीचा विचार केला. सर्वांनीं आपापल्या काड्या एका भांड्यांत बुडविणें त्यांस थांबवावयाचें होतें. परंतु प्रत्येकास निराळें ताट वाढणें चिनी स्वयंपाकास मानवणार नाहीं, हेंहि ते जाणून होते. म्हणून त्यांनीं पुरस्कार केला तो फिरत्या तबकाचा: पदार्थ मध्यें, तबक फिरतें, आणि प्रत्येक पदार्थास वाढावयाचा वेगळा चमचा. म्हणजे आमचे मित्र ज्या तबकापुढें बसून पडशाची भीति बोलून दाखवीत होते, तें तबक साथीच्या रोगांशीं झुंजलेल्या एका डॉक्टरानेंच पुरस्कारलेलें होतें. २०२० सालीं करोनाच्या साथींतहि चीनमधल्या अनेक शहरांनीं प्रचार केला तो वाढावयाच्या वेगळ्या काड्यांचा व चमच्यांचा. एकत्र बसून जेवण्याची चाल मोडून टाका असा नव्हे.

टांगऱ्याच्या त्या टेबलावर प्रत्येक भांड्यांत वेगळा चमचा होता. मग राहिली ती कोणती अस्वच्छता? देवळांत एकाच पळीनें दिलेलें तीर्थ आपण सर्वजण ओंजळींत घेतों, पाणीपुरीवाल्याच्या मडक्यांत त्याचा हात कोपरापर्यंत बुडालेला पाहतों, आणि तेथें पडशाची आठवण कोणास होत नाहीं. स्वच्छता आणि सोंवळें या दोन निरनिराळ्या वस्तु आहेत. स्वच्छतेचा डाग पाण्यानें जातो. सोंवळ्याचा डाग माणसाच्या जन्मावर असतो, तो पाण्यानें जात नाहीं, उलट पाणीच त्यानें बाटतें. १८९० सालचें पुण्याचें पंचहौद मिशनमधील प्रकरण मराठी वाचकांस नवें नाहीं. रानडे, टिळक प्रभृति मंडळींपुढें तेथें चहाबिस्किटें आलीं, गोपाळराव जोशी यांनीं जमलेल्यांचीं नांवें चव्हाट्यावर आणलीं, ग्रामण्य माजलें, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलें, आणि एवढ्या मोठ्या पुरुषांसहि या ना त्या रीतीनें प्रायश्चित्ताची वाट धरावी लागली. तेथें चहा कांहीं एकाच कपांतून कोणी प्याला नव्हता. ज्याचा त्याचा कप निराळाच होता, तरीहि दोष लागला. यावरून उघड होतें कीं, वेगळ्या भांड्याची चिंता रोगजंतूंकरितां कधींच नव्हती. ती कोणाच्या हातचें, कोणाच्या शेजारीं, कोणाच्या मागाहून, याकरितां होती. तीच चिंता आज जंतूंचें नांव घेऊन फिरते, एवढाच फरक.

दुसरा आधार व्यक्तिस्वातंत्र्याचा. ज्यास जें आवडेल तें त्यानें खावें. दुसऱ्याची आवड त्याच्यावर कां लादावी, असें आमचे मित्र विचारतात. शाकाहारी मनुष्याचा प्रश्न येथें खरा आहे, आणि आम्ही तो टाळीत नाहीं. आमच्या आठांत तिघे शाकाहारी होते. त्यांच्या पदार्थांस वेगळीं भांडीं, वेगळे चमचे, आणि ते चमचे दुसरीकडे जाणार नाहींत अशी खबरदारी, हें सर्व त्यांच्या हक्काचें आहे. तें न पाळणारा यजमान असभ्य. परंतु फिरतें तबक कोणाच्या तोंडांत घास कोंबीत नाहीं. नको असलेला पदार्थ पुढें आला तर बोटानें तबक सारावें, तो निघून जातो. पंगतींत मात्र वाढपी पानावर आणून टाकतो, आणि टाकलेलें संपविलें नाहीं तर अन्नाचा अपमान होतो. स्वातंत्र्य अधिक कोठें, हें वाचकांनींच ठरवावें.

शिवाय हिशेबानें पाहिलें तरी आठ माणसांनीं आठ बशा मागविल्या म्हणजे प्रत्येकाच्या वांट्यास एकच पदार्थ येतो. त्याच आठ बशा मध्यें ठेवल्या तर प्रत्येकास आठांची चव कळते. हाक्कांचें मांस तेलकट व खारट असतें. तें एकट्यानें बशीभर खाल्लें तर दुसऱ्या घासास नको होतें. साध्या भाताबरोबर, हिरव्या पालेभाजीच्या शेजारीं, मधूनमधून पातळ सुपाचा घोट घेत चार तुकडे खाल्ले तरच तें काय आहे तें समजतें. एका पदार्थाचा उणेपणा दुसऱ्यानें भरून काढावा, या बेतानेंच तें जेवण रचलेलें असतें. आमच्या ताटांतहि मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, वरण, भात यांची रचना याच तत्त्वावर आहे; फरक एवढाच कीं आमचें तें ताट एका माणसाचें आहे, आणि त्यांचें तें ताट सगळ्या टेबलाचें आहे. असें जेवण आठ तुकड्यांत फोडून एकेक तुकडा मागविणें म्हणजे नाटकाचीं पानें वांटून घेऊन प्रत्येकानें आपापलें पान वाचणें होय.

आणि पंगतीच्या या स्वातंत्र्याचा खर्च कोण सोसतो, याचा विचार आमच्या मित्रांनीं कधीं केला आहे काय? ज्याचें पान त्याच्यापुढें मांडावयाचें तर मांडणारें, वाढणारें, पुन्हां वाढणारें कोणी तरी उभें असलें पाहिजे. घरच्या पंगतींत तें कोण असतें, हें सांगावयास नको. पुरुष जेवतात, मुलें जेवतात, मग गार झालेल्या आमटीवर घरच्या बायका बसतात. आणि हें ज्या घरांत आजहि चालतें अशीं सुशिक्षित घरें आमच्या ओळखीचीं पुष्कळ आहेत. टांगऱ्यास भांडीं आलीं तेव्हां आमच्या दोन भगिनींपैकीं एक, विषयाच्या विभागप्रमुख असलेल्या विदुषी, सवयीनेंच उठून उभ्या राहिल्या व भात वाढूं लागल्या. आम्हां पुरुषांपैकीं एकासहि त्यांत वावगें वाटलें नाहीं. मालकीणबाईंनीं लांबूनच त्यांस सांगितलें, "बसा, बसा, तें फिरतें." त्या खालीं बसल्या. पंचवीस वर्षांत परगांवच्या कोणत्याहि सामुदायिक जेवणांत आपण पहिल्या घासापासून बसून जेवलों नव्हतों, असें त्या मागाहून म्हणाल्या. ज्या तबकानें ही एक गोष्ट साधली त्यास अडाणी म्हणण्याचें धाडस आम्हांस होत नाहीं.

तिसरा आधार परंपरेचा. येथें आमच्या मित्रांचा आवाज अंमळ चढतो. आमची पंगत अनादि, त्यांचें भांडें अनादि. दोन संस्कृति, दोन वाटा. उगीच त्यांची चाल आम्हीं कां उचलावी? परंतु चिनी लोकांची ही चाल अनादि नाहीं. हान् व तांग् राजवंशांच्या काळीं ते जमिनीवर चटईवर बसत, आणि प्रत्येकापुढें ठेंगण्या चौरंगावर त्याचें अन्न वेगळें मांडीत. म्हणजे आमच्या पाटापंगतीसारखेंच जवळजवळ. उंच खुर्च्या व मोठीं टेबलें प्रचारांत आलीं, आणि सुंग् राजवंशाच्या काळांत, म्हणजे ९६० ते १२७९ या अवधींत, एका टेबलाभोंवतीं बसून सामाईक भांड्यांतून जेवण्याची रीति स्थिरावली. त्यांनीं आपली पंगत मोडली, आणि त्यांची संस्कृति बुडाली नाहीं.

आणि आमची परंपरा तरी एकच आहे काय? पंगत जशी आमची, तसा काला आमचाच. गोकुळांतले गोपाळ आपापल्या शिदोऱ्या सोडतात, कोणाचें दहीं, कोणाच्या लाह्या, कोणाची शिळी भाकर, सगळें एकांत कालवितात, आणि देव त्यांच्यांत बसून तें खातो. त्यांच्या हातचा उष्टा घासहि त्यास गोड लागतो. वारकऱ्यांच्या सप्ताहाची सांगता आजहि काल्याच्या कीर्तनानेंच होते. वर्षानुवर्षें हा प्रसंग डोळ्यांत पाणी आणून ऐकणारीं, आणि घरीं जाऊन पाणक्याचा तांब्या वेगळा ठेवणारीं माणसें आम्हीं लहानपणीं पाहिलीं आहेत. आमच्याच वडीलधाऱ्यांचीं तीं माणसें. त्यांचा उपहास करावयास आम्ही निघालों नाहीं. एवढेंच म्हणावयाचें आहे कीं, परंपरेच्या कोठारांत पंगतहि आहे व कालाहि आहे. तेथून काय उचलावयाचें याची निवड आपणच करतों, आणि मग ती निवड पूर्वजांच्या माथीं मारतों. १८४९ च्या सुमारास मुंबईंत निघालेल्या परमहंस सभेचे सभासद परधर्मीयाच्या हातचा पाव खात, पण चोरून. सभासदांची यादी बाहेर फुटण्याच्या भीतीनें ती सभाच मोडली. पुढें कोल्हापुरास गंगाराम कांबळे यांनीं चहाचें दुकान काढलें, तेव्हां शाहू महाराज भर रस्त्यावर गाडी थांबवून तेथला चहा पीत, व बरोबरच्या प्रतिष्ठित मंडळींसहि पाजीत. चोरून खाल्लेल्या पावापासून उघड प्यालेल्या चहापर्यंतची ही वाटहि आमचीच परंपरा आहे. आम्हांस ती पुढें चालवावयाची आहे.

येथें दुसऱ्या बाजूनें एक आक्षेप येईल, आणि तो आमच्या मित्रांच्या तिन्ही आक्षेपांहून वजनदार आहे. एकत्र जेवल्यानें जात मोडत नाहीं, असें डॉ. आंबेडकरांनीं १९३६ सालच्या आपल्या जातिभेदनिर्मूलनावरील प्रसिद्ध निबंधांत स्पष्ट म्हटलें आहे. खरा उपाय त्यांच्या मतें मिश्रविवाहाचा. हें आम्हांस मान्य आहे. वर्षांतून एकदां सहभोजन करावयाचें, त्याचें छायाचित्र काढावयाचें, आणि दुसऱ्या दिवशीं पूर्ववत् आपापल्या घरांत जाऊन बसावयाचें, या सोहळ्यांनीं काय साधलें तें आपण जाणतों. फार काय, अन्न आवडणें आणि माणूस आवडणें यांचाहि कांहीं संबंध नसतो. हाक्कांच्याच गोष्टीकडे पाहा. त्यांनीं कमावलेल्या कातड्याचे जोडे कलकत्त्यानें वापरले, त्यांच्या हातचें चमचमीत अन्न खाल्लें, आणि १९६२ सालीं त्यांचे शेजारी गाडींत भरून देवलीस नेले जात असतां किती जण आडवे आले? दुसऱ्याच्या हातचें खाणें निराळें, दुसऱ्याबरोबर खाणें निराळें. पहिल्यास जिभेची चव पुरते. दुसऱ्यास आपल्या शेजारच्या माणसाचा चमचा आपल्याही हातांत यावयास लागतो.

परंतु औषध एकट्यानें रोग बरा करीत नाहीं म्हणून पथ्य सोडावें, असा त्याचा अर्थ नव्हे. १९५० सालीं अंमलांत आलेल्या आमच्या राज्यघटनेच्या पंधराव्या कलमानें सार्वजनिक उपाहारगृहांचीं दारें सर्वांस सारखीं उघडीं केलीं, सतराव्यानें अस्पृश्यता नष्ट केली. कायदा दार उघडूं शकतो, खुर्ची देऊं शकतो. टोफूचें भांडें आपल्या शेजाऱ्याच्या मागाहून जवळ ओढण्याचें काम कायदा करूं शकत नाहीं. तें आपल्याच हातानें करावें लागतें. आणि तेथें, त्या हातभर अंतरांत, एका उच्चशिक्षित माणसास आज या वयांतहि हिशेब करावा लागतो कीं, आपण कितव्या क्रमांकानें घेतलें म्हणजे बाकीच्यांचें जेवण बिघडणार नाहीं. ज्या सिद्धान्तामुळें हा हिशेब चालूं राहतो, त्यास शुचिता, स्वातंत्र्य व परंपरा हीं तीन मोठीं नांवें देणें हा त्या तीन नांवांचा अपमान आहे.

आमच्या मित्रांस आमची विनंति साधी आहे. पुढच्या वेळीं आठ जण मिळून जेवावयास गेलों म्हणजे आठ याद्या करूं नयेत. माणसें मोजून पदार्थ मागवावे, शाकाहाऱ्यांचे पदार्थ आधीं ठरवावे, प्रत्येक भांड्यांत वाढावयाचा चमचा आहे कीं नाहीं तें पाहावें, कोणीहि, विशेषतः कोणाहि बाईनें, वाढावयास उठूं नये, आणि पैसे सारखे विभागावे. एखाद्याची मिळकत बेताची असेल तर ज्यांस परवडतें त्यांनीं बोभाटा न करतां भार उचलावा. फिरतें तबक नसलें तरी चालेल. भांडें हातानें पुढें देतां येतें. एवढ्यानें जात जाणार नाहीं हें खरें. पण एका टेबलावरचा एक माणूस त्या दुपारीं निश्चिंतपणें जेवेल, आणि तेवढें आपल्या हातचें आहे.

आतां शेवटीं एक कबुली दिली पाहिजे. तिच्यावांचून हा लेख अप्रामाणिक ठरेल. टोफूचें तें भांडें आमच्या मित्रांस टाळून पुढें आलें तें आमच्यापुढें आलें होतें. चमचा त्यांत होता. पोऱ्यास मारलेली हांक आम्हीं ऐकली होती, आणि तरुण सहाध्यापकांनीं खालीं घातलेली मानहि आम्हीं पाहिली होती. आम्ही त्यांतून घेतलें असतें तर कदाचित् पुढचें सगळें टळलें असतें. आम्हांस भूक उरली नाहीं असें आम्हीं स्वतःस सांगितलें, आणि तबक पुढें सारलें.